पास्कोकाकांची हाक

पास्कोकाकांची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना पाहिलं नाही. मी फक्त पडलो.

मी मूळचा वरच्या डोंगराकडचा, कथिलाच्या खाणींतला. खाणीत उतरायची भीती वाटायची म्हणून पिंपं घडवायला शिकलो आणि काम शोधत समुद्रकाठच्या पोर्थलिस्कला निघालो. कड्यावरच्या पायवाटेने शीळ घालत उतरत होतो, तेवढ्यात डोक्यावरून एक आवाज गेला. गेला म्हणजे कसा, तर आधी माझी टोपी गेली आणि तिच्या मागोमाग आवाज गेला. वाटेवर चरणाऱ्या बकरीने जागच्या जागी करडू टाकलं. चर्चची घंटा कोणी न ओढता वाजली. बागेत खुर्चीवर झोपलेले पाळकसाहेब झोपेतच 'आमेन' म्हणाले. बकरीचं मी शपथेवर सांगणार नाही, बाकीचं कुठेही सांगेन.

मला वाटलं, जगाचा शेवटचा दिवस आला, देवदूताने तुतारी फुंकली. मी घाईघाईने पापं आठवायला लागलो. मोठी मोठी आठवून झाली, लहानांना हात घातला आणि पाय घसरला. कड्याखाली एका कोठीचं छप्पर होतं. छप्पर होतं म्हणून वाचलो, आणि कुजकं होतं म्हणून थेट आत पोचलो. खारवलेल्या तारली माशांच्या उंच थरावर उताणा पडलो. डोळे उघडले तर समोर एक बाई, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, हातात मिठाचं फावडं.

"मी मेलोय का?" मी विचारलं.

"मेला असशील तर बाजूला हो, मासे यायचेत," त्या म्हणाल्या. "जिवंत असशील तर मीठ उपस."

त्या तामसिनकाकू. वरून ओरडले ते त्यांचे यजमान. मी मीठ उपसायला लागलो, तो आजपर्यंत पोर्थलिस्कलाच आहे.

पास्को चेगविडन आमच्या गावचे पुकारे. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला सगळं गाव काका म्हणतं, पण पास्कोकाकांना त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा काका म्हणत, कारण त्या आवाजाला नुसतं नावाने हाक मारायची कोणाची छाती नव्हती. उन्हाळा उतरणीला लागला की तारलीचे थवे आमच्या खाडीकडे वळतात. होडीत बसलेल्याला ते दिसत नाहीत. कड्याच्या टोकावरून मात्र पाण्यावर एक तांबूस जांभळी झाक सरकताना दिसते, कोणी समुद्रात द्राक्षाची दारू सांडावी तशी. ती दिसली की पुकाऱ्याने कर्णा तोंडाला लावायचा आणि "हेव्हाऽऽ" अशी हाक द्यायची. मग दोन्ही हातांत काटेरी झुडपांच्या जुड्या घेऊन नाचायचं. डावी जुडी हलली की होड्या डावीकडे, उजवी हलली की उजवीकडे, दोन्ही खाली आपटल्या की रापण, म्हणजे मोठं जाळं, सोडायची. पास्कोकाका कर्णा वापरत नसत. तो त्यांनी उलटा ठेवून त्यात कोंबडी बसवली होती.

हेव्हाची हाक आली की गाव हातातलं टाकून पळतं. न्हाव्याने एक गाल सोडलेली माणसं मी होडीत पाहिली आहेत. एका लग्नात नवरा 'होय' म्हणायच्या आत हाक आली, तर नवरी एकटीच उभी राहिली, आणि तिने रागावण्याऐवजी झगा खोचून कोठीची वाट धरली. आणखी एक रीत आहे. हाक ऐकताक्षणी बायका चुलीत मनुकांचा चपटा केक सरकवतात. रापण ओढून पुरुष परत येईपर्यंत तो भाजून होतो. वर सुरीने जाळ्यासारख्या आडव्याउभ्या रेघा मारतात, म्हणजे मासा जाळ्यात आलाच असं समजायचं. मग ती तारली खारवून, दाबून, मी घडवलेल्या पिंपांत भरून इटलीला जाते. तिथली पोपची माणसं उपासाच्या दिवशी ती खातात. आम्ही पोपला शिव्या देतो आणि त्याच्या उपासांसाठी मनापासून प्रार्थना करतो.

पण पुकाऱ्याची खरी परीक्षा ओरडण्यात नसते, गप्प बसण्यात असते. ढगाची सावली पाण्यावर पडली तर तीही जांभळी दिसते. शेवाळाचा तुकडा तसाच दिसतो. डोळ्यांत झोप असली तर काहीही तसंच दिसतं. खोटी हाक दिली की चाळीस माणसांची मेहनत फुकट, जाळं फाटायची भीती, आणि खरा थवा आला तर बिथरून बाहेर. शेजारच्या गावच्या एका पुकाऱ्याने एकदा ढगाला हाक दिली होती. त्याच्या नातवंडांना अजून 'ढगवाले' म्हणतात आणि त्यांच्या मुलींची लग्नं लांबच्या गावी करावी लागतात. पास्कोकाकांनी उभ्या जन्मात एकही खोटी हाक दिली नव्हती. "शंका म्हणजे मासा नाही," असं ते म्हणायचे आणि पाइप पेटवायचे.

आता मिस्टर ऑर्चर्डांविषयी. त्या वर्षांत इंग्लंडभर घोड्यावर बसून उपदेश करत फिरणारी माणसं निघाली होती. लोक त्यांना चिडवायला मेथडिस्ट म्हणत, आणि चिडवून झालं की अंड्यांनी मारत. मिस्टर ऑर्चर्ड आमच्याकडे आले ते काठीला कोट अडकवावा तसे. आवाज बोरूच्या टोकासारखा. पाळकसाहेबांनी चर्चची दारं लावून घेतली, म्हणून ते वाळूवर एका उपड्या होडीवर चढले. ऐकायला अख्खं गाव जमलं, कारण मासे येत नव्हते आणि दुसरी करमणूक नव्हती. माझ्या शेजारी जाबेझ ट्रेगेन्झा उभा होता. जाबेझ म्हणजे रापणीच्या मोठ्या होडीचा तांडेल. अंधाऱ्या रात्री फ्रान्सची चोरटी ब्रँडी उतरवण्यात आमच्या किनाऱ्यावर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या कोटाच्या दोन्ही खिशांत माशांची मुंडकी होती, उपदेशकासाठी खास राखून ठेवलेली.

वारा समुद्रावरून कड्याकडे वाहत होता. मिस्टर ऑर्चर्ड बोलायला लागले तर त्यांचा शब्द आमच्या डोक्यावरून उचलला जाई आणि सरळ कड्यावर जाई. आम्हाला नुसते ओठ हलताना दिसत. मागच्यांनी ओरडा सुरू केला. कोणीतरी वर पाहून थट्टेत म्हणालं, "पास्कोकाका, तुम्हाला ऐकू येतंय का हो? काय म्हणतोय हा?"

काका वर आपल्या जागेवर पाण्यावर नजर ठेवून बसले होते. उपदेशाशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण गावाने विचारलं की सांगायचं, हे त्यांचं कामच. त्यांनी मान न वळवता, जसं ऐकू येत होतं तसं, एकेक वाक्य खाली सोडायला सुरुवात केली.

मी त्या दिवशी पिंपाच्या पट्ट्या ठोकत उपदेश ऐकत होतो, म्हणजे वेळ फुकट जायला नको. तेवढ्यात वरून आलं, "तुम्ही हरवलेले आहात." असं वाक्य कोणी समोर उभं राहून म्हटलं तर आपण त्याला पत्ता विचारतो. पण हे आभाळातून आलं. कड्यावर आदळून, फिरून, दोन्ही कानांत एकदम आलं. मग आलं, "आणि तुम्हाला शोधणारा निघालेला आहे." माझा हातोडा अंगठ्यावर बसला. मी जी किंकाळी फोडली ती लोकांना पश्चात्तापाची वाटली आणि दोघे-तिघे माझ्याभोवती गुडघे टेकून रडायला लागले. खरं सांगायचं तर अंगठा थंड होईपर्यंत मलाही ती पश्चात्तापाचीच वाटायला लागली होती. माझं तारण अंगठ्यापासून सुरू झालं. पण पुढे ते वर सरकलं, छातीपर्यंत आलं आणि तिथे काहीतरी आवळलेलं सुटलं, पिंपाची पट्टी तुटावी तसं. त्याची थट्टा मला आजही करवत नाही.

जाबेझने खिशांतली मुंडकी काढून वाळूवर ठेवली, एकेक करून, जणू ती कोणाला परत करायची होती. मग तो त्यांच्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. तामसिनकाकू कोठीच्या दारात मिठाचे हात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते हात तोंडावर घेतले. डोळ्यांत मीठ गेलं तरी त्यांनी ते काढले नाहीत. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव वाळूवर आडवं झालं होतं. मी पुष्कळ उपदेश ऐकले पुढे, शहाण्या माणसांचे, मोठ्या आवाजाच्या माणसांचे. पण त्या दिवसासारखं काही नाही. वाळूवर एक काडीसारखा माणूस ओठ हलवत होता आणि वर आभाळ बोलत होतं.

ज्यांच्या तोंडून ते आभाळ बोललं, त्या पास्कोकाकांना काहीही झालं नाही.

गावाला हे पहिल्यांदा कळलं ते पुढच्या आठवड्यात. जाळी ठेवायच्या माळ्यावर आमची मंडळी भरायला लागली होती. बारा-बारा जणांचा एकेक वर्ग, आणि आमच्या वर्गाचा पुढारी जाबेझ. ब्रँडीचा धंदा त्याने सोडला होता, निदान सोडतोय असं म्हणत होता. वर्गाची रीत अशी, की पुढाऱ्याने प्रत्येकाला, काका-काकू न म्हणता, नुसत्या नावाने विचारायचं, तुझ्या आत्म्याचं कसं काय, आणि ज्याने त्याने खरं ते सांगायचं. माझ्या पाळीला मी अंगठ्यापासून सुरुवात करून बरंच बोललो. काकूंनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. मग जाबेझ काकांकडे वळला.

"पास्को, तुझ्या आत्म्याचं कसं काय?"

काकांनी नेहमीप्रमाणे डोळे बारीक करून पाहिलं, जणू आत्मा खाडीच्या तोंडापाशी होता. मग म्हणाले, "पाणी साफ आहे. काही दिसत नाही."

सगळे हसले. पण काका हसले नाहीत. "मी सांगत होतो ना," ते म्हणाले. "ऐकत कुठे होतो?"

तेव्हापासून दर आठवड्याला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. काका एकही सभा चुकवत नसत. माळ्याची फळी निखळली तर तेच ठोकत, गाण्याला सूर तेच देत, आणि सूर असा देत की जाळ्यांतली धूळ खाली यायची. प्रार्थनेला गुडघे टेकत. त्यांचं तारण व्हावं म्हणून आम्ही काय काय केलं ते सांगायला नको. त्यांना पुढच्या बाकावर बसवलं. मागच्या बाकावर बसवलं. एका बाईने त्यांना उपास घडवला, तर ते कड्यावरून घसरता घसरता वाचले. मिस्टर ऑर्चर्ड फिरून आले की काकांचा हात धरून ओठ हलवत, आणि काका आदराने विचारत, "जरा मोठ्याने बोलता का?"

गावात तारणाची चढाओढ लागली होती. कोण किती वेळ आडवं पडलं, कोण किती रडलं, याच्या गोष्टी विहिरीवर व्हायच्या. दर काही महिन्यांनी प्रीतिभोजन असे. दोन कानांचा मोठा पेला पाण्याने भरून फिरायचा, सोबत पाव, आणि पेला ज्याच्या हाती येईल त्याने देवाने आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायची. पेला काकांकडे आला की ते एक घोट घेत, ओठ पुसत आणि काही न बोलता पुढे देत. तेवढ्या वेळात माळ्यावर जी शांतता पसरे, ती मला भल्याभल्यांच्या साक्षीपेक्षा मोठी वाटायची.

एकदा माझ्याच्याने राहवलं नाही. मी त्यांना म्हटलं, काका, एकदा ओरडा की. नुसतं 'झालं' म्हणा. कोणाला कळतंय? काकू तरी सुटतील काळजीतून.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, पण मी पिंपात बसून समुद्रात निघालो असतो तर पाहिलं असतं तसं. "नान्स," ते म्हणाले, "मासा नसताना हाक द्यायची?"

मी परत तो विषय काढला नाही.

काकूंची काळजी मात्र खरी होती. त्या हसऱ्या बाई. मासे खारवताना त्यांची जीभ फावड्यापेक्षा जास्त चालायची. पण आताशा मध्येच थांबायच्या. एका दुपारी त्या माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर टेकल्या. कड्यावर काकांची आकृती दिसत होती, काडीएवढी. त्या तिकडे बघत म्हणाल्या, "मी आयुष्यभर या माणसाच्या हाकेवर कामं केली रे. उठायचं, धावायचं, चूल पेटवायची, सगळं त्याच्या हाकेवर. तिथे वर, स्वर्गात, मी पोचले आणि हा बाहेरच राहिला, तर मला हाक कोण मारणार?"

मी पट्टी ठोकत राहिलो. त्या उठताना म्हणाल्या, "आणि तो खोटं बोलेल तर तेही मला नको. बघ कशात अडकलेय मी."

मग तो मोसम आला. ऑगस्ट उलटत आला तरी तारलीचा पत्ता नव्हता. कोठ्या रिकाम्या, मीठ तसंच पडून. लोक सलगमाचं कालवण खाऊन इतके कंटाळले की आमच्या वर्गात एकाने सलगमाबद्दलच्या रागाचं पाप कबूल केलं. रापणीचे मालक रोझवार्न साहेब रोज घोड्यावरून येत आणि कड्याकडे असे बघत, जणू काकांनी मासे खिशात लपवले आहेत. चार दिवस समुद्र काचेसारखा. होड्या पाण्यात तयार, माणसं वल्ह्यांवर डोकं टेकून झोपलेली.

त्या दुपारी काकूंनी माझ्या हाती काकांसाठी जेवण दिलं, सलगम भरलेली मोठी करंजी. मी धापा टाकत वर पोचलो. काका आपल्या दगडावर बसले होते. जुड्या पायांशी पडलेल्या, कोंबडी कर्ण्यात. मी शेजारी बसलो. करंजी त्यांनी हातात घेतली, पण खाल्ली नाही.

समुद्रावर काहीच नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांनी मला हजारदा विचारलं. ढग नव्हता. शेवाळ नव्हतं. एक पक्षी नव्हता. मला पुकाऱ्याचं काही कळत नाही, पण रिकामा समुद्र ओळखायला पुकारा व्हावं लागत नाही.

काका बराच वेळ त्या रिकामेपणाकडे बघत होते. मग त्यांनी हळूच मान वर केली. पाण्यावरून त्यांची नजर उठली, आणि मला ते चमत्कारिक वाटलं, कारण मोसमात ते कधी वर बघत नसत. वर निळं आभाळ, दुसरं काही नाही. त्यांचा चेहरा बदलायला लागला. कसा ते नीट सांगता यायचं नाही. गर्दीत हरवलेलं पोर रडायचंही विसरून उभं असतं, आणि लांबून आई त्याला बघते आणि त्याला कळतं की ती आपल्याकडेच बघतेय. तसं काहीसं, आणि ते त्या रापलेल्या, दाढीच्या चेहऱ्यावर. करंजी हातातून पडली. ते उभे राहिले. त्यांच्या छातीत श्वास भरताना मला ऐकू आला, भात्यासारखा, आणि मी कानांवर हात न्यायच्या आत त्यांनी हाक दिली.

"हेव्हाऽऽऽ!"

आधीच्या सगळ्या हाका मी ऐकल्या होत्या. ही वेगळी होती. यात खाली कोणाला बोलावणं नव्हतं. ही वर गेली. कडा हलला असं मी म्हणणार नाही, मी हललो. कोंबडी कर्ण्यातून उडाली आणि परत म्हणून तिथे बसली नाही. माझा डावा कान त्या दिवसापासून बंद आहे, आणि ज्या आवाजाने तो बंद झाला त्याबद्दल मी कधी तक्रार केलेली नाही. अंगावर काटा आला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

हाक थांबली. आणि खाली गाव फुटलं.

दारं धाडधाड उघडली. बायका ओट्यावरून पिठाकडे धावल्या, चुलींतून धूर निघायला लागला. जाबेझची होडी खाडीत अशी निघाली की वल्ही वाकली. तो तांडेलाच्या जागी उभा राहून मान वर करून जुड्यांची वाट बघत होता. डावीकडे की उजवीकडे? काका तसेच उभे. जुड्या पायांशी. गालांवरून पाणी वाहत होतं. मी ओरडलो, काका, ते निघाले, काहीतरी दाखवा. त्यांना मी दिसलोच नाही.

मग मी आयुष्यातली सर्वांत मूर्ख गोष्ट केली. घाबरून एक जुडी उचलली आणि हलवली. होड्या डावीकडे वळल्या. मी दचकून जुडी टाकली. ती खाली आपटली, दुसरी आधीच खाली होती, हे बघून जाबेझने रापण सोडली. पाव मैलाचं जाळं, रिकाम्या पाण्यात, सगळ्या गावाच्या ताकदीनिशी. ओढून काढली तेव्हा त्यात एक कुत्रामासा, बादलीभर शेवाळ आणि एक डाव्या पायाचा बूट निघाला.

ते वर आले तेव्हा सगळे मिळून आले. जाबेझ पुढे, कमरेपर्यंत भिजलेला, हातात तो बूट. मागे माणसं, त्यांच्या मागे बायका, भाजलेले केक फडक्यांत गुंडाळून, कारण केक भाजून झाला होता आणि घरी ठेवून तरी काय करणार. बाजूने घोड्यावर रोझवार्न साहेब. इतका राग मी त्या कड्यावर कधी पाहिला नव्हता. काकू माझ्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातल्या फडक्यातून वाफ निघत होती.

जाबेझ काकांच्या समोर थांबला. "पास्को," तो म्हणाला, "काय दिसलं तुला?"

काकांनी खाली त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा समजलं की हाक त्यांच्या तोंडून बाहेर पडली होती. त्यांनी सगळ्यांच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं.

"मला काही दिसलं नाही, जाबेझ," ते हळू म्हणाले. "मी दिसलो."

मागच्या कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाले? आणि शेजाऱ्याने त्याला गप्प केलं.

"इतकी वर्षं इथे बसून मी वाट बघतोय," काका म्हणाले, "की थवा येईल आणि मला दिसेल. आज वर पाहिलं. तर वरून कोणीतरी माझी वाट बघत होतं. मी इथे बसायच्या आधीपासून." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "मला दुसरी हाक येत नाही रे. जी येते ती दिली. तुम्हाला भिजवलं, माफ करा."

जाबेझच्या हातातला बूट खाली पडला. त्याने टोपी काढली. मी बघत होतो, त्याच्या चेहऱ्यावरचा राग जायला तयार नव्हता, चाळीस माणसांचा राग होता तो, सहज कसा जाईल. पण पुढारी म्हणून जे विचारायचं ते त्याने विचारलं, सवयीने, दर आठवड्याला विचारायचा तसं.

"पास्को, तुझ्या आत्म्याचं कसं काय?"

काका डोळे बारीक न करता म्हणाले, "भरला."

काकूंनी फडकं सोडलं. केकावरच्या रेघांवरून तो मोडला आणि पहिला तुकडा काकांच्या तोंडात घातला, जसा हेव्हाच्या दिवशी घालतात. मग दुसऱ्या बायकांनी आपापली फडकी सोडली. रडत, हसत, शिव्या देत अख्ख्या गावाने तिथेच कड्यावर बसून मासा न आलेल्या दिवसाचा केक खाल्ला. पेला नव्हता, म्हणून कर्ण्याचं बारीक टोक बोटाने दाबून तो पाण्याने भरून फिरवला. कोंबडीच्या वासाबद्दल कोणी बोललं नाही. पाळकसाहेब आवाजाने जागे होऊन काय झालं ते बघायला आले, तर त्यांच्याही हातात कोणीतरी तुकडा दिला आणि तो त्यांनी खाल्ला. मी त्या दिवशी जे पाहिलं त्याला काय म्हणायचं ते मला पिंपं घडवणाऱ्याला माहीत नाही. पण त्यानंतर कोणी मला विचारलं की देव आहे कशावरून, तर मी माझा डावा कान दाखवतो.

"आणि माझे मासे?" रोझवार्न साहेब घोड्यावरून म्हणाले.

त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी काकांना त्याच दिवशी कामावरून काढलं आणि जागेवर आपला मेव्हणा नेमला. त्याला लांबचं दिसत नसे. त्या मोसमात तारली आलीच नाही. काका खाली कोठीत काकूंच्या शेजारी मीठ उपसायला लागले. तिथल्या ओलीने हिवाळ्याच्या आतच त्यांचा घसा बसला, आणि तो परत काही उघडला नाही. नाताळानंतरच्या प्रीतिभोजनात पेला त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा साक्ष दिली. बोलले बराच वेळ, पण दुसऱ्या बाकापलीकडे शब्द गेला नाही. जाबेझ शेजारी उभा राहून एकेक वाक्य मोठ्याने सांगत होता. त्याला त्या दिवशी पडसं झालं होतं, त्यामुळे मागच्यांना काहीच कळलं नाही.